तांब्याच्या टंक्यापासून मोबाईलपर्यंत : नवा पैसा, सरकार आणि आपण

वाचकहो, किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे पूर्वी एक पाटी हमखास लटकलेली असे : "आज रोख, उद्या उधार." ही पाटी आता दुर्मिळ होत चालली आहे. आपल्या कॅम्प नंबर दोनमधील गजानंद मार्केटात कापड घ्या, नाहीतर नाक्यावर कोथिंबिरीची जुडी घ्या, समोर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोनी कागद चिकटवलेला दिसेल. गिऱ्हाईक त्यावर मोबाईल धरतो, रकमेचा आकडा टाकतो, गुप्त अंक दाबतो. लगेच दुकानातील लहानशी पेटी मोठ्याने ओरडून सांगते की इतके रुपये मिळाले. नोट या हातातून त्या हातात गेली नाही, सुट्ट्या पैशांवरून कटकट झाली नाही, आणि तरीही व्यवहार पुरा झाला.

हे सारे लोकांनी आपखुशीने स्वीकारले, की सरकारने लोकांना या वाटेवर आणले? हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. पैशाचे रूप बदलण्याचा प्रयत्न आपल्या देशात पहिल्यांदाच झालेला नाही. राज्यकर्त्यांनी तो पूर्वीही केला. कधी तो सपशेल फसला, कधी पार पडला. का फसला आणि का पार पडला हे समजून घेतले, तर आजच्या मोबाईल-व्यवहारात सरकारने काय बरोबर केले, काय उणे राहिले आणि आपण कोठे सावध राहावे याचा उलगडा होतो. म्हणून हा लेखप्रपंच.

हुकूम होता, राखण नव्हती

विद्यार्थी मित्रांनो, पाठ्यपुस्तकात महंमद तुघलकाचे नाव आले की वर्गात हशा पिकतो. त्याने राजधानी दिल्लीहून आपल्या महाराष्ट्रातील देवगिरीस, म्हणजे दौलताबादला आणली, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याचा दुसरा प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. सुमारे १३२९-३० साली त्याने पितळ-तांब्याची नाणी पाडली आणि ती चांदीच्या टंक्याच्या किमतीची समजावीत असा हुकूम काढला. दौलताबादच्या टांकसाळीतही अशी नाणी पडली. सुलतानाची आज्ञा पाळावी, अशा अर्थाचा मजकूरही त्यावर कोरला होता.

कल्पना मूर्खपणाची होती काय? मुळीच नाही. चीनमध्ये त्याआधीच कागदी चलन चालत होते. आज आपल्या खिशातील पाचशेची नोट म्हणजे तरी काय? कागदाची किंमत नगण्य, त्यामागील शब्दाची किंमत पाचशे. तुघलकाचा विचार काळाच्या पुढे होता. त्याची चूक वेगळी होती. खरे नाणे आणि बनावट नाणे यांत फरक करता येईल अशी कोणतीही व्यवस्था त्याने केली नाही. त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो की घरोघरी जणू टांकसाळी सुरू झाल्या. लोक सरकारी देणे तांब्यात भरू लागले आणि चांदी दडवू लागले. व्यापारी ती नाणी घेईनात. दोन-तीन वर्षांत सुलतानाला योजना मागे घ्यावी लागली.

येथे सुलतानाच्या बाजूचीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण इतिहास एकांगी वाचू नये. तांब्याची नाणी परत घेऊन त्यांच्या बदल्यात त्याने खजिन्यातून सोने-चांदी दिली. तुघलकाबादेत परत आलेल्या नाण्यांचे ढीग पडले होते, असे वर्णन आहे. शब्द पाळला, पण खजिना रिकामा झाला.

तात्पर्य काय? राज्यकर्ता हुकूम काढू शकतो, विश्वास हुकमाने निर्माण होत नाही. नव्या पैशाची राखण करता येत नसेल, तर तो पैसा लोकांच्या हाती देऊ नये. हा पहिला धडा.

हुंडी आणि मनीऑर्डर

आता उलट बाजू पाहू. सरकारने काहीही न करता लोकांनीच उभी केलेली व्यवस्थाही आपल्याकडे होती. ती म्हणजे हुंडी. आपल्या उल्हासनगरला तर हा शब्द परका नसावा. दुसऱ्या महायुद्धात येथे कल्याण कॅम्प नावाची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळाले. ज्या सिंधमधून हे लोक आले, तेथील शिकारपूरच्या सावकारांची हुंडी एकेकाळी मध्य आशियापर्यंत वटत असे. अरब-इराणी व्यापाऱ्यांतही 'सुफ्तजा' नावाचे असेच पत्र चाले, आणि आजचा 'चेक' हा शब्द 'सक्क' या अरबी शब्दावरून आला असे अनेक अभ्यासक मानतात. चोर-दरोडेखोरांच्या वाटेने नाण्यांच्या थैल्या नेण्यापेक्षा एक चिठ्ठी न्यावी आणि पुढच्या शहरात ती दाखवून पैसे घ्यावेत, हाच या साऱ्यामागचा विचार. मोबाईलमधील आजचा व्यवहार मुळात हुंडीचाच वंशज आहे. पैसा हलत नाही, निरोप हलतो.

या बाबतीत सरकारने संयम दाखवला. १८८१ साली चेक, वचनचिठ्ठी इत्यादींविषयीचा कायदा झाला, तेव्हा देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना त्याने हात लावला नाही. जे लोकांचे चालले आहे ते चालू द्यावे, हेही कधीकधी शहाणपणाचे धोरण असते.

परंतु हुंडी होती पेढीवाल्याची. गिरणीतील कामगाराने रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत आपल्या आईला दहा रुपये कसे पाठवावेत? तेथे सरकार पुढे आले. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि १८८२ साली टपाल बचत बँक. मुंबईत राबणाऱ्या कोकणी माणसाच्या घरी, मग तो हिंदू असो वा मुसलमान, चूल पेटत असे ती मनीऑर्डरवर. कोकणच्या अर्थव्यवस्थेला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' असे म्हटले जाई ते उगाच नव्हे. या योजनेचे यश कशात होते? पोस्टमन दारापर्यंत येत असे. पैसे घेणाऱ्याला लिहिता येत नसेल तर अंगठा चाले, आणि मनीऑर्डरच्या तळाशी लिहिलेल्या चार ओळी पोस्टमनच वाचून दाखवी. म्हणजे नव्या सोयीबरोबर ती समजावून सांगणारा माणूसही सरकारने दिला होता. २०१५ साली ती जुनी कागदी मनीऑर्डर इतिहासजमा झाली. हा दुसरा धडा लक्षात ठेवावा : सोय दाराशी आली आणि तिच्याबरोबर माणूस आला, की अडाणी समजला जाणारा माणूसही ती आपलीशी करतो.

नया पैसा

स्वातंत्र्यानंतरचा मोठा बदल म्हणजे दशमान नाणी. त्याआधी एक रुपया म्हणजे सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै. १९५५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. हिशेब सोपा झाला खरा, पण आरंभी गोंधळ काय थोडा? एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पाव पैसा द्यायचा कसा आणि घ्यायचा कसा?

सरकारने येथे घाई केली नाही. कायदा आणि अंमल यांत सुमारे दोन वर्षांचे अंतर ठेवले. जुनी आणि नवी नाणी काही वर्षे बरोबरीने चालू दिली. आण्यांचे नये पैसे करण्याचे तक्ते छापून वाटले. जुन्या पैशात आणि नव्या पैशात घोटाळा होऊ नये म्हणून नाण्यावर 'नया' हा शब्द मुद्दाम ठेवला, आणि लोक रुळल्यावर १९६४ साली तो काढून टाकला. आजही आपण 'सोळा आणे खरे' म्हणतो, चार आण्याचे नाणे २०११ साली चलनातून गेले तरी 'चार आण्याची अक्कल' बोलण्यातून गेली नाही. नवे रुजले आणि जुने दुखावले गेले नाही. हा तिसरा धडा.

पाया आधी घातला गेला

आता मोबाईलकडे वळू. अनेकांची समजूत अशी की २०१६ च्या नोटाबंदीने एका रात्रीत हे सारे घडले. ही समजूत दुरुस्त केली पाहिजे. इमारत दिसू लागण्यापूर्वी पाया भरावा लागतो.

१९६९ साली चौदा आणि १९८० साली सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँक हळूहळू तालुक्याच्या गावी पोचली. २००७ साली संसदेने देयक प्रणालींविषयीचा कायदा केला आणि रिझर्व्ह बँकेला त्यांवर देखरेखीचा स्पष्ट अधिकार दिला. २००८ साली रिझर्व्ह बँक आणि बँकांचा संघ यांच्या पुढाकाराने नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही नफा न कमावणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. तिची मालकी बँकांकडे आहे. ती सरकारी खाते नाही आणि कोणा एका शेठजीची कंपनीही नाही. २०१० साली तिने एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पैसे पाठवण्याची सोय सुरू केली. त्याच वर्षी आपल्या राज्यातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिली आधार पत्रे दिली गेली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन योजना आली आणि ज्यांनी बँकेची पायरी कधी चढली नव्हती अशा कोट्यवधी लोकांची खाती निघाली.

या पायावर ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत 'यूपीआय' या व्यवस्थेचा आरंभ झाला. तिचे वैशिष्ट्य एका वाक्यात सांगायचे तर असे : तुमचे खाते कोणत्याही बँकेत असो, समोरच्याचे कोणत्याही बँकेत असो, आणि दोघांच्या मोबाईलमध्ये कोणत्याही कंपनीचे अ‍ॅप असो, पैसे पोचतात. आपला पोस्टाचा डबा जसा सर्वांचा, तसा हा रस्ता सर्वांचा.

जगात सर्वत्र असे झाले नाही. केनियात २००७ साली 'एम-पेसा' ही मोबाईलमधून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली आणि गोरगरिबांत खूप लोकप्रिय झाली. पण ती एका दूरध्वनी कंपनीची होती. तेथील मध्यवर्ती बँकेने तिला वाट मोकळी करून दिली, रस्ता मात्र कंपनीने बांधला. आपल्याकडे रस्ता सार्वजनिक ठेवला गेला आणि कंपन्यांना त्यावर गाड्या चालवण्याची मुभा मिळाली. सरकारच्या साऱ्या कामगिरीत मला हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते.

नोटाबंदी आणि धसईची गोष्ट

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातील एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती. पुढचे आठवडे बँकांच्या दारात रांगांत कसे गेले हे मोठ्या माणसांना सांगायला नको, रोजंदारीवरच्या घरांना तर मुळीच नको. रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या अहवालानुसार रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांच्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटींच्या नोटा बँकांत परत आल्या. काळा पैसा जागीच कुजेल ही अपेक्षा फोल ठरली. तेव्हापासून 'कॅशलेस' हा शब्द मात्र घरोघरी पोचला.

याच सुमारास आपल्या ठाणे जिल्ह्यात एक प्रयोग झाला. बदलापूरच्या पुढे मुरबाड तालुक्यात धसई नावाचे बाजारपेठेचे गाव आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत धसई हे महाराष्ट्रातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. एका सामाजिक प्रतिष्ठानने पुढाकार घेतला, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे दिली. वडापावचे पैसेही कार्डाने देता येतात, म्हणून वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली. परंतु नोटा पुन्हा मुबलक झाल्या तशी यंत्रे बाजूला पडू लागली आणि गाव बहुतांशी रोखीकडे वळले, अशा बातम्याही त्याच वर्तमानपत्रांत पुढे आल्या.

धसईच्या दुकानदारांना नावे ठेवण्याचे कारण नाही. कार्डाच्या यंत्राला जोडणी लागते आणि व्यापाऱ्याला प्रत्येक विक्रीमागे बँकेचे शुल्क पडते. दहा-वीस रुपयांच्या विक्रीत ते शुल्क कोणी सोसावे? गाव जाहीर करता येते, सवय जाहीर करता येत नाही. त्यानंतर काही वर्षांनी जो बदल खरोखर रुजला तो महागड्या यंत्राने नव्हे, तर चिकटवलेल्या फुकटच्या कागदाने.

गाजर आणि काठी

या काळात सरकारने लोकांना वळवण्यासाठी जे उपाय योजले, त्यांचे तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग बक्षिसांचा. २५ डिसेंबर २०१६ पासून 'लकी ग्राहक' आणि 'डिजिधन व्यापार' या सोडती सुरू झाल्या. ५० ते ३,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार करणाऱ्यांतून रोज १५,००० जणांना प्रत्येकी एक हजार रुपये, असे शंभर दिवस. शेवटची मोठी सोडत १४ एप्रिल २०१७ रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, नागपुरात पंतप्रधानांच्या उपस्थितीत जाहीर झाली. एक कोटीचे पहिले बक्षीस लातूरच्या एका विद्यार्थिनीला मिळाले. तिने मोबाईलच्या हप्त्याचे १,५९० रुपये कार्डाने भरले होते. ३० डिसेंबर २०१६ रोजी आलेल्या सरकारी अ‍ॅपला 'भीम' हे नावही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरून दिले गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ सालचा, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा वर्ग सवलतींचा. पेट्रोल-डिझेलवर पाऊण टक्का सूट जाहीर झाली. १ जानेवारी २०१७ पासून मुंबईच्या लोकलचा मासिक पास रोखीशिवाय काढणाऱ्यास अर्धा टक्का सूट मिळू लागली. विजेचे बिल ऑनलाइन भरणाऱ्यास महावितरणने पाव टक्का सूट दिली. लहान व्यापाऱ्यासाठी सवलत आणखी मोठी होती. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेला जो व्यापारी सविस्तर हिशेब न ठेवता ठोक अंदाजाने आयकर भरतो, त्याचा नफा उलाढालीच्या आठ टक्के धरला जाई. बँकेमार्फत आलेल्या रकमेवर तो सहा टक्के धरण्याची तरतूद झाली. आणि सर्वात परिणामकारक पाऊल म्हणजे १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचे व्यापारी-शुल्क शून्य करण्यात आले. बँकांचा तोटा भरून काढण्यासाठी सरकारने तिजोरीतून अनुदान दिले. २०२४-२५ या वर्षासाठी ते सुमारे १,५०० कोटी रुपये होते. फुकट वाटणारी वस्तू खरोखर फुकट नसते. तिचे पैसे करदाता भरीत असतो, एवढे लक्षात असावे.

तिसरा वर्ग सक्तीचा. १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई झाली.

याच्या जोडीला करोनाची साथ आली. नोटेला हात लावण्याची लोकांना भीती वाटू लागली, आणि जे सोडतीने झाले नाही ते साथीने केले. परिणाम आकड्यांत पाहा. २०१६ च्या ऑक्टोबरात यूपीआयवर महिन्याभरात सुमारे एक लाख व्यवहार झाले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी प्रथमच २,००० कोटींचा आकडा ओलांडला. त्याचबरोबर हेही पाहा : नोटाबंदीपूर्वी सुमारे पावणेअठरा लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या, त्या मार्च २०२५ अखेर ३६ लाख कोटींच्या वर गेल्या. म्हणजे मोबाईल आला, पण रोकड गेली नाही. घरोघरी दोन्ही नांदत आहेत, आणि त्यात वाईट काही नाही.

उणे बाजू

पालक बंधू-भगिनींनो, येथपर्यंतचा इतिहास कौतुकाचा वाटेल. पण हिशेबाच्या वहीला जमेप्रमाणे खर्चाचे पानही असते.

पहिली गोष्ट आपल्या घरातील स्त्रियांची. शिष्यवृत्ती असो, घरगुती गॅसचे अनुदान असो, की २०२४ साली राज्यात सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये असोत, रक्कम खात्यात थेट जमा होते. मधला दलाल गेला, हे उत्तमच. पण खाते अम्मीच्या नावावर, मोबाईल मुलाच्या हातात आणि गुप्त अंक जावयाला पाठ, अशी स्थिती असेल तर पैसा तिचा झाला काय? पूर्वी डाळीच्या डब्यात चार नोटा ठेवून ती अडीअडचणीला उपयोगी पडत असे. ती शिल्लक कोणाला दिसत नसे. आता तिचा खर्च साऱ्यांना दिसतो. मनीऑर्डरचा पोस्टमन पैसे तिच्या हातात ठेवीत असे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी २०२२ साली इंटरनेटशिवाय पैसे पाठवण्याची सोय झाली खरी, पण ती शिकवायला दारी कोण आले?

दुसरी गोष्ट लबाडीची. तुघलकाच्या काळी घरोघरी खोटी नाणी पडत, आज खोटे निरोप पडतात. 'तुम्हाला पैसे मिळणार आहेत, फक्त अंक दाबा' असे सांगून खाती रिकामी केली गेली. पैसे मागणाऱ्या विनंतीचा गैरफायदा घेतला जात होता, म्हणून व्यक्ती-व्यक्तींमधील ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. राखण झाली, पण सोय सुरू झाल्यावर कित्येक वर्षांनी.

तिसरी गोष्ट दुकानदाराची. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयवरील जमा रकमा पाहून लहान व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या. बंगळुरूत काही दुकानांवर 'येथे यूपीआय चालत नाही' अशा पाट्या लागल्या. कर चुकवू नये हे खरेच. तथापि एका हाताने 'या, या' म्हणून बोलवावे आणि दुसऱ्या हाताने नोटीस द्यावी, याने विश्वास डळमळतो. नियम आधी समजावून सांगितला असता तर ती पाटी लागली नसती.

चौथी गोष्ट मक्तेदारीची. रस्ता सार्वजनिक असला तरी त्यावरील बहुतेक वाहतूक दोनच कंपन्यांच्या अ‍ॅपमधून होते. कोणा एकाचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक असू नये, असे २०२० साली ठरले. अंमलाची मुदत मात्र वारंवार पुढे जाऊन २०२६ अखेरपर्यंत लांबली.

आपण काय करावे?

इतिहासाचे तीन धडे आपण पाहिले : राखण हवी, दाराशी माणूस हवा आणि घाई नको. सरकारने रस्ता बांधला आणि शुल्क उठवले, याचे श्रेय त्यास द्यावे. राखण उशिरा झाली, आणि दाराशी माणूस तर फारसा आलाच नाही. ती उणीव आपणच भरून काढू शकतो. या शाळांतून शिकणारी मुले-मुली म्हणजे या काळचे पोस्टमन होत.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या आईला, दादीला, शेजारच्या खालाला बसवून चार गोष्टी शिकवा. पैसे घेण्यासाठी गुप्त अंक कधीच लागत नाही, तो देण्यासाठी लागतो. हा अंक खातेदाराशिवाय कोणालाही, अगदी तुम्हालाही, सांगायचा नाही. रोजच्या खर्चाचे खाते आणि बचतीचे खाते वेगळे ठेवावे, म्हणजे नुकसान झालेच तर मर्यादित होईल. फसवणूक झाली तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. आपल्या कसुरीशिवाय, बाहेरच्या कोणाच्या लबाडीने खात्यातून रक्कम गेली आणि तीन कामकाजी दिवसांच्या आत बँकेस कळवले, तर भार ग्राहकावर पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बजावले आहे. मात्र आपणच अंक सांगून बसलो, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले.

तरुण मुलांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 'तुझे खाते थोडे दिवस वापरू दे, महिन्याला दोन-चार हजार देतो' असे सांगणारे लोक कॉलेजांच्या आसपास फिरतात. हे पैसे बहुधा कोणातरी गरिबाच्या फसवणुकीचे असतात. उद्या पोलीस दारी येतात ते ज्याचे खाते त्याच्या. हरामाच्या दोन हजारांपायी नोकरी, पासपोर्ट आणि घराची इज्जत पणाला लागते. अशा माणसास दारातूनच परत पाठवावे.

आणि दुकानदार भावांना विनंती आहे : ज्या वृद्धाकडे मोबाईल नाही, त्याची नोट नाकारू नका. रिझर्व्ह बँकेची नोट आजही कायदेशीर चलन आहे. जमा रकमांची वही रोजच्या रोज लिहा, म्हणजे उद्या नोटीस आली तरी उत्तर तयार राहील.

पैशाचे रूप तांब्याचे असो, कागदाचे असो की काचेवरच्या आकड्याचे असो, त्याचे खरे मोल देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या विश्वासात असते. दिल्लीच्या सुलतानाला ही गोष्ट खजिना रिकामा करून कळली. आपल्याला ती शाळेच्या वर्गात, पैसा न खर्चता शिकता येते. म्हणून, मुलांनो, या सुटीत एक काम करा. घरातील ज्या वडीलधाऱ्या माणसाला आपले खाते स्वतः पाहता येत नाही, त्याच्याजवळ अर्धा तास बसा आणि त्याला ते शिकवा. अंक मात्र त्यालाच दाबू द्या.